टाळेबंदीत चेहऱ्याच्या अस्थिभंगाच्या शस्त्रक्रिया घटल्या, म्हणजे दुखापतीही घटल्या का?

प्रश्न – पदव्युत्तर विद्यार्थिनी
मी मुख व जबड्याच्या शल्यचिकित्सेत एमडीएस करत असून, २५ मार्च ते ३१ मे २०२० या कोरोनाच्या टाळेबंदीच्या काळात चेहऱ्याच्या अस्थिभंगाच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण कसे बदलले, हा माझ्या प्रबंधाचा विषय आहे. आमच्या शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीत ही संख्या बरीच घटलेली दिसते. रस्ते ओस पडले, दारूची दुकाने बराच काळ बंद राहिली, खेळ थांबले. त्यामुळे दुखापतीच कमी झाल्या, असा निष्कर्ष काढावा का? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १ – मॅक्सिलोफेशियल सर्जन (मुख व जबड्याचे शल्यचिकित्सक)
आपला तर्क पटण्याजोगा आहे, मात्र एकट्या शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीवरून तो सिद्ध होणार नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार देशातील अपघात २०१९ मधील ४,४९,००२ वरून २०२० मध्ये ३,६६,१३८ वर आले. पण त्याच काळात दर शंभर अपघातांमागील मृत्यू ३३.७ वरून ३६ वर गेले. मोकळ्या रस्त्यांवरचा वेग त्यामागे असावा, असे माझे मत आहे. म्हणून रुग्ण किती आले याबरोबरच, एकेका रुग्णाची किती हाडे मोडली होती, हेही नोंदवावे.

दुसरे असे की, त्या काळात उपचारच बदलले होते. नाक-तोंडात विषाणूचे प्रमाण मोठे आणि ड्रिलने तुषार उडतात, त्यामुळे एरवी टायटॅनियमची पट्टी बसवली असती असा खालचा जबडाही, तुकडे फारसे सरकलेले नसतील तर, खुर्चीवरच तेवढ्या भागाला भूल देऊन, आर्च बार (दातांच्या रांगेला बांधायची धातूची पट्टी) लावून वरच्या दातांशी तारेने बांधला जात असे. असा रुग्ण चार ते सहा आठवडे पेज, ताक आणि वरणाच्या पाण्यावर राहतो आणि उलटी झाल्यास तारा कापता याव्यात म्हणून नातेवाइकांकडे छोटी कात्री दिलेली असते. जबडा त्याचाही मोडलेला होता, परंतु शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीत त्याचे नाव आलेच नाही. तेव्हा ओपीडीची आणि कॅज्युअल्टीतील एमएलसीची (पोलिसांना कळवायच्या प्रकरणांची) नोंदवही शेजारी ठेवून पडताळणी करा.

उत्तर २ – बालदंतरोगतज्ज्ञ
घरात पडून हनुवटीवर आपटलेल्या मुलांचा शोध आवर्जून घ्यावा. हनुवटीवरच्या आघाताने कानापुढच्या सांध्यातील जबड्याच्या हाडाचे टोक, म्हणजे कॉन्डाइल, मोडू शकते. पण पालकांना दिसते ती फक्त हनुवटीची जखम, आणि तेवढ्यापुरते टाके घालून मूल घरी जाते. टाळेबंदीत एक्स-रेसाठी पुन्हा येणे अनेकांना शक्य नव्हते. असा सांधा दुर्लक्षित राहिला तर काही मुलांमध्ये तो हळूहळू आखडतो, तोंड उघडेनासे होते आणि जबड्याची वाढही खुंटते. ही मुले शस्त्रक्रियेसाठी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी येतात. त्यामुळे अभ्यासाचा कालावधी मेअखेरीस थांबवू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

उत्तर ३ – वैद्यकीय समाजसेविका
घरगुती हिंसाचारात चेहरा हे नेहमीचे लक्ष्य असते. तक्रारी वाढल्यामुळे राष्ट्रीय महिला आयोगाने १० एप्रिल २०२० रोजी त्यांच्यासाठी स्वतंत्र व्हॉट्सअ‍ॅप क्रमांक सुरू केला होता. मात्र रुग्णालयाच्या कागदावर ही कारणे सहसा येत नाहीत. नवरा शेजारी उभा असताना विचारले तर बाई ‘बाथरूममध्ये पाय घसरला’ असेच सांगणार. त्यात लोकल आणि एसटी बंद, म्हणजे बाहेर पडण्याची वाटही बंद. पडल्याने झालेल्या दुखापती या गटातील प्रौढ स्त्रियांचे केसपेपर कृपया स्वतंत्रपणे वाचा. डोळ्याभोवतीची काळी-निळी सूज आणि अंगावरचे जुने वळ यांचा उल्लेख तेथे सापडू शकतो.

प्रश्नकर्ती
सर्वांची मनापासून आभारी आहे. तुलनेसाठी २०१८ आणि २०१९ मधील हेच महिने घेते. २०२१ चे निर्बंधही त्यात धरावेत का?

उत्तर – मॅक्सिलोफेशियल सर्जन
धरा, पण वेगळे मोजा. महाराष्ट्रात एप्रिल २०२१ पासून लागलेले निर्बंध पहिल्या टाळेबंदीइतके कडक नव्हते, त्यामुळे रस्त्यांवर वाहने होती. शिवाय त्या मे-जूनमध्ये म्युकरमायकोसिसच्या (काळ्या बुरशीच्या आजाराच्या) रुग्णांचा वरचा जबडा काढण्याच्या शस्त्रक्रियांमध्ये आमच्यासारख्या अनेकांचे दिवस गेले. त्या महिन्यांत अस्थिभंगाच्या शस्त्रक्रिया कमी दिसल्या, तर शस्त्रक्रियेचे टेबल मोकळे नव्हते हेही कारण असू शकते. म्हणून प्रत्येक रुग्णाची दाखल झाल्याची आणि शस्त्रक्रियेची, अशा दोन्ही तारखा तक्त्यात घ्या.