मदत हवी आहे: १ मे १९८१, जालना जिल्हा झाला त्या दिवसाचे कागद, फोटो, आठवणी

नमस्कार मंडळी,

परतूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात दाराशीच दिनविशेषाचा फळा आहे. रोज सकाळी तो मी लिहितो. मागच्या १ मेला नेहमीसारखंच लिहिलं, '१९६० : महाराष्ट्र राज्याची स्थापना'. झेंडावंदन करून परतणारे एक निवृत्त तलाठी फळ्यापुढे थांबले अन् म्हणाले, "आणि आपला जिल्हा? त्याचाही वाढदिवस आजच की."

मला ते ठाऊक होतं, तरी लिहायचं सुचलं नाही. ते मनाला लागून राहिलं. घरी येऊन कागदांची ट्रंक काढली. वडिलांचा १९७८ चा शाळा सोडल्याचा दाखला : 'ता. परतूर, जि. परभणी'. धाकट्या आत्याचा १९८४ चा : छापील 'परभणी'वर निळ्या शाईची रेघ, आणि वरच्या बाजूला दाटीवाटीनं लिहिलेलं 'जालना'. शाळा तीच, गाव तेच. आजोबा तर निजामाच्या राज्यात जन्मले, १९५६ ला द्विभाषिक मुंबई राज्यात गेले, १९६० ला महाराष्ट्रात आणि १९८१ ला जालना जिल्ह्यात. घर मात्र एकदाही हललं नाही.

यंदा १ मेला वाचनालयात हेच मांडायचं ठरवलंय. औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीतला आमचा परतूर, असे मिळून जिल्हा झाला. अंतुले तेव्हा मुख्यमंत्री होते. त्याच दिवशी रत्नागिरीतून सिंधुदुर्ग वेगळा झाला. पुढे १९९९ च्या १ मेला परभणीतून हिंगोली आणि भंडाऱ्यातून गोंदिया. राज्य झालं तेव्हा २६ जिल्हे होते, आज ३६ आहेत. त्या दहा नव्यांतले हे चार १ मेचेच. १९६२ च्या १ मेला जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या सुरू झाल्या, तेही फारसं कुणी सांगत नाही. आपल्या रोजच्या कामाचं दार तर तेच!

आता मदत हवी आहे ती अशी. २ मे १९८१ च्या मराठवाड्यातल्या कुठल्याही वर्तमानपत्राचं कात्रण कुणाकडे आहे का? जिल्हानिर्मितीच्या अधिसूचनेचं राजपत्र बघायला नेमकं कुठे जावं, अर्ज कसा करावा? त्या दिवशी जालन्यात कुणी हजर होतं का, किंवा कुणाच्या घरी रेघ मारून जिल्हा बदललेला सातबारा, रेशनकार्ड, दाखला आहे का? सिंधुदुर्ग, हिंगोली, गोंदियाकडच्यांनीही आपापले कागद दाखवावेत, शेजारी शेजारी लावू.

मूळ कागद पाठवू नका, मोबाईलवर काढलेला स्वच्छ फोटो पुरे. नाव, सर्व्हे नंबर झाकून मगच टाका. २० एप्रिलपर्यंत मिळालं तर छापून घ्यायला वेळ राहील. आत्याचा दाखला मी उद्या इथेच टाकतो.