फ्लूनंतर गालातले जुने फिलर का सुजले असेल?

शेवंती: दीडएक वर्षापूर्वी मी दोन्ही गालांत हायलुरॉनिक ॲसिडचे फिलर (गाल भरीव दिसावेत म्हणून टोचतात ते जेल) भरून घेतले होते आणि आजवर त्याचा काडीचाही त्रास नव्हता. गेल्या महिन्यात फ्लू झाला. ताप उतरल्यावर काही दिवसांतच नेमक्या त्याच जागा सुजल्या, आणि आता दाबल्यावर टणक गाठी लागतात. विषाणू फिलरमध्ये शिरतो का, की हा निव्वळ योगायोग समजायचा?

सूक्ष्मदर्शक: विषाणू जिवंत पेशीतच वाढतो, त्यामुळे जेलमध्ये त्याला काही काम नाही. शरीरात बसवलेल्या परक्या वस्तूवर प्रथम प्रथिनांचा थर बसतो, मग भक्षक पेशी तिला गिळू पाहतात आणि ते साधले नाही, तर तिच्याभोवती तंतुमय वेष्टण घालून एक प्रकारचा तह करतात. मात्र त्यांतल्या काही पेशी तिथेच ठाण मांडून राहतात. विषाणूसंसर्गात इंटरफेरॉनसारखे संदेशरेणू अंगभर फिरू लागले की हा तह मोडू शकतो, असे मानले जाते. शिवाय, हायलुरॉनिक ॲसिडचे लांब रेणू दाह शमवतात, तर त्यांचे तुटलेले तुकडे तो भडकवतात, म्हणजे जुने फिलर निरुपद्रवी झाले असे गृहीत धरता येत नाही. मॉडर्नाच्या कोविड लशीच्या चाचणीत फिलर घेतलेल्या मोजक्या व्यक्तींचा चेहरा किंवा ओठ सुजल्याची नोंद २०२० मध्ये झाली होती. त्या लशीत जिवंत विषाणू नव्हताच. म्हणून मला तरी रोख प्रतिकारशक्तीच्या प्रतिसादाकडेच दिसतो.

निवांत: आईच्या गुडघ्यात कृत्रिम सांधा आहे. तिला फ्लू झाला, तर हेच होईल का?

सूक्ष्मदर्शक: तिथे चिंता वेगळी आहे. फ्लूच्या पाठोपाठ जिवाणूंचा न्यूमोनिया झाला आणि जिवाणू रक्तात उतरले, तर ते धातूच्या पृष्ठभागावर चिकट थर करून बसू शकतात, आणि त्या थरात प्रतिजैविके नीट पोहोचत नाहीत. असे क्वचितच घडते. तरी गुडघा नव्याने गरम लागला, सुजला किंवा पाय टेकवेना, तर त्याच दिवशी अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा.

त्वचावैद्य: शेवंती, गाठी चोळू नका. अशी सूज पुष्कळदा आपोआप ओसरते. न ओसरल्यास स्टिरॉइड देतात किंवा हायलुरॉनिडेज हे विकर टोचून फिलर विरघळवतात. पण जिवाणूसंसर्ग नाही ना, याची खात्री आधी करावी लागते, म्हणून घरात उरलेली स्टिरॉइडची गोळी परस्पर घेऊ नका. फिलर कोणत्या कंपनीचे होते, याची चिठ्ठी असल्यास तपासणीला सोबत न्या.