मदत हवी आहे : ३ फुटी क्यूब रीफ टँक, मध्ये एकच दिवा. मधली कोरलं फिकी, कोपऱ्यातली लांबट

मर्यादवेल

नमस्कार मंडळी,

वेंगुर्ल्याजवळ आमचं जुनं कौलारू घर आहे. गेल्या दिवाळीत माजघरात रीफ टँक, म्हणजे कोरलं (प्रवाळ) ठेवायची खाऱ्या पाण्याची टाकी बसवली. लांबी, रुंदी, उंची सगळं ३ फूट. काठोकाठ भरली तर साडेसातशे लिटरच्या वर मावेल, पण खडक, वाळू आणि वरची मोकळी जागा वजा केली तर आत साधारण साडेसहाशे लिटर पाणी असावं. जमीन खणून खाली चिऱ्याचा पाया घेतला, वर काँक्रीटचा ओटा केला, त्यामुळे वजनाची काळजी नाही. पाणी आरओचं, मीठ पाकिटातलं, घनता १.०२५. समुद्र दहा मिनिटांवर असूनही तिथलं पाणी आणत नाही. पावसाळ्यात खाड्यांचं गोडं पाणी येऊन मिळतं आणि किनाऱ्यालगतची क्षारता पार उतरते.

आत फक्त मऊ कोरलं आहेत: झोआ, मशरूम, एक मोठं लेदर आणि ग्रीन स्टार पॉलिप. सगळी पुण्याच्या एका जुन्या छंदी मित्राच्या टाकीत वाढलेल्या कोरलांचे फ्रॅग, म्हणजे लावायला तोडून घेतलेले तुकडे.

अडचण दिव्याची आहे. दुकानदाराच्या सांगण्यावरून १६५ वॅटचा चिनी एलईडी खोका घेतला, तो वाशाला तारेने बांधून टाकीच्या बरोबर मध्यावर, पाण्यापासून १२ इंचांवर लटकवला. निळा १०० टक्के, पांढरा ६० टक्के, रोज बारा तास. चार महिन्यांनंतरची अवस्था अशी: मधल्या खडकाच्या माथ्यावरचे मशरूम आक्रसून रुपयाच्या नाण्याएवढे झालेत आणि रंग उडालाय. लेदर आठवडाभर मिटून बसतं. कोपऱ्यातले झोआ मात्र देठ ताणून मध्याकडे माना वळवतात, दोन इंच लांब झालेत. एकाच टाकीत एकाला ऊन सोसत नाही आणि दुसऱ्याला मिळत नाही. सकाळी चहा घेऊन समोर बसते तेव्हा त्या वळलेल्या माना बघून जीव कासावीस होतो.

मोबाइलच्या लक्स ॲपने मोजून पाहिलं, पण आकडे रोज वेगळे येतात.

आता विचारायचं ते हे. याहून मोठा, ताकदीचा एकच दिवा घेऊ की लहान चार? किती उंचीवर? टाकीच्या थोडं पुढे छपराला एक काचेचं कौल आहे, त्यातून अकरा ते एकच्या दरम्यान उन्हाचा कवडसा टाकीच्या डाव्या अंगावर पडतो. त्याचा उपयोग होईल का? आणि पावसाळ्यात आमच्याकडे वीज सहा-सहा तास नसते, तेव्हा दिवे इन्व्हर्टरवर घ्यावे लागतील का?

---

खाडीकाठचा

ताई, फोटो टाकायच्या आधीच सांगतो: मोठा दिवा घेऊ नका. तुमच्याकडे प्रकाश कमी नाही, तो एका जागी साचलाय.

हिशोब करून बघा. या खोक्यांना बहुतेक ९० अंशांची भिंगं असतात. म्हणजे १२ इंच उंचीवरून पडलेला झोत पाण्याच्या पृष्ठभागावर मध्यापासून १२ इंचांपर्यंतच भरून येतो. तुमच्या टाकीचा कोपरा मध्यापासून जवळजवळ २५ इंचांवर आहे. झोत अर्ध्या वाटेवरच संपला. लांबट टाकीत मध्यापासून पुढची-मागची काच जवळ असते, म्हणून दोन दिवे ओळीने लावले की भागतं. क्यूबला चारही बाजू सारख्याच लांब, शिवाय खोली ३ फूट. ही टाकी दिसायला सुंदर, उजळायला अवघड.

आता तेच चार लहान दिवे लावले असं धरा. टाकीचे मनातल्या मनात १८-१८ इंचांचे चार चौरस करा आणि प्रत्येकाच्या मध्यावर एक दिवा टांगा, म्हणजे दोन्ही काचांपासून ९ इंचांवर. आता प्रत्येक दिव्यापासून त्याचा सगळ्यात लांबचा कोपरा १३ इंचांच्या आत आला. उंची तीच १२ इंच ठेवली तरी झोत पोचतो. एकूण वॅट वाढवायचीही गरज नाही, प्रत्येकी ४०-५० वॅट पुष्कळ होतात. आणखी एक फायदा सावल्यांचा. एका दिव्याखाली लेदरच्या छत्रीमागे काळोख होतो, तिथलं कोरल हळूहळू मरतं. चार दिशांनी उजेड आला की एकाची सावली दुसरा पुसतो.

एकच दिवा वर चढवून पसरवता येईल असं कोणी सांगेल. थोडं होतं तसं. पण मग बराच उजेड टाकीबाहेर भिंतीवर जातो, आणि ३ फूट खाली वाळूपर्यंत पोचायला ताकद उरत नाही.

---

निळी_वाट

लक्स ॲप सोडून द्या. लक्स हे माप माणसाच्या डोळ्यासाठी आहे, आणि डोळा ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या हिरवट प्रकाशाला सगळ्यात जास्त दाद देतो. कोरलाच्या पेशीत राहणारं झूझॅन्थेली शैवाल मुख्यतः निळ्यावर जगतं, ढोबळमानाने ४२० ते ४८० नॅनोमीटरवर. त्यामुळे निळ्या दिव्याखाली लक्स कमी दिसतं आणि डोळ्यालाही टाकी अंधारी वाटते, म्हणून माणूस पांढरा वाढवतो आणि निळाही पूर्ण ताकदीवर ठेवतो. तुमच्याकडे तेच झालंय. मोजायचं ते पीएआर, म्हणजे ४०० ते ७०० नॅनोमीटरमधला, प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश.

छंदी लोकांच्या अनुभवातले पीएआरचे आकडे देतो: मशरूमला ३० ते ८० पुरे, झोआला ८० ते १५०, लेदरला १०० ते २००. भर दुपारचं उघड्यावरचं ऊन २००० च्या घरात जातं, म्हणजे मऊ कोरलांना किती थोडं लागतं बघा. माझ्याकडे पाण्यात बुडवायचा पीएआर मीटर आहे. पुढच्या आठवड्यात कामाने कुडाळला येतोय, घेऊन येतो. आठ दिवस ठेवा.

एक विचारायचं राहिलं. नायट्रेट आणि फॉस्फेट किती? फिकेपणाला नेहमी दिवाच जबाबदार असतो असं नाही.

---

मर्यादवेल

खाडीकाठचा, तुमचा १२ आणि २५ इंचांचा हिशोब वाचून टेप घेऊन उठले आणि खरंच मोजलं. चार महिने हे साधं गणित डोळ्यासमोर असून सुचलं नाही.

निळी_वाट, मीटरसाठी मनापासून आभार. आज चाचणी केली: नायट्रेट शून्य, फॉस्फेटही शून्य. मला वाटत होतं शून्य म्हणजे उत्तम. स्किमर (पाण्यातली घाण फेसासोबत काढणारं यंत्र) दिवसरात्र चालतो आणि मासे तीनच आहेत.

---

निळी_वाट

शून्य हे उत्तम नव्हे, उपासमार आहे. आत नायट्रोजन नाही, फॉस्फरस नाही, आणि वरून झगझगीत उजेड. अशा वेळी शैवाल टिकत नाही, कोरल पांढरं पडत जातं. नायट्रेट ५ ते १० पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएमच्या दरम्यान येऊ द्या. माशांना दिवसातून एकदाऐवजी दोनदा खायला घाला, स्किमर रात्री बंद ठेवा, आठवड्याने परत तपासा. आणि आजपासूनच पांढरा २० वर, निळा ५० वर आणा. बारा तासही जास्त आहेत, नऊ करा, त्यात पहिला आणि शेवटचा तास चढता-उतरता.

---

वासा_आणि_वायर

मी वायरिंगचं काम करतो, रत्नागिरी भागात. चार दिवे टांगताय तर थोडं माझं ऐका.

जुन्या वाशाला चार ठिकाणी भोकं पाडू नका. ॲल्युमिनियमच्या प्रोफाइलची एक चौकट करा आणि ती दोन वाशांवरून चार तारांनी टांगा. दिवे चौकटीवर सरकवता येतील, उंचीही एकदम बदलता येईल. तार ३१६ ग्रेडची स्टेनलेस घ्या. साधी तार आपल्या खाऱ्या हवेत आणि टाकीच्या वाफेत दोन पावसाळ्यांत गंजते, आणि गंज पाण्यात टपकला की वेगळाच ताप. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे वायरीवरून ओघळणारं पाणी झोळातून खाली पडतं, सॉकेटमध्ये जात नाही. ३० मिलिॲम्पिअरची आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच पुरवठा तोडणारा स्विच, नसेल तर दिव्याआधी ती बसवा. खारं पाणी आणि वीज एकत्र आहेत, यात काटकसर नको.

इन्व्हर्टरवर दिवे घेऊ नका. कोरल एक दिवस अंधारात सहज राहतं, आमच्या आभाळातही ढग येतातच. पण पाणी थांबलं की प्राणवायू संपतो आणि मासे आधी जातात. इन्व्हर्टरवर फक्त लाटेचा पंप आणि खालून वर पाणी आणणारा पंप ठेवा. दिव्यांची बॅटरी वाचली की तेच पंप कितीतरी तास जास्त चालतील.

---

पुळणीवरून

माका वाटता, ताई, ता काचेचा कौल आधी झाका.

नैसर्गिक ऊन वाईट नाही. पण कवडसा दोनच तास, तोही एकाच अंगावर, आणि रोज थोडा थोडा सरकणारा. डावीकडच्या कोरलाला अकरा वाजता एकदम आठशे-हजारचा तडाखा आणि बाकी दिवस शंभर. उन्हाळ्यात त्या बाजूचं पाणी तापतं, काचेवर हिरवा थर धरतो. आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत ते ऊन नसतंच. ज्या प्रकाशाचा भरवसा नाही त्याच्यावर कोरल बसवू नये. मी माझ्या कौलाला आतून पांढरा पातळ कपडा लावलाय, खोलीत मऊ उजेड येतो आणि टाकीवर काही पडत नाही.

तापमानाचंही बघा. पाणी २५ ते २७ अंशांत हवं, ३० च्या वर दिवसेंदिवस राहिलं तर दिवा कितीही नेमका असो, कोरल शैवाल टाकून देतं. पृष्ठभागावर पंखा मारला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात, पण पावसाळ्यातल्या दमट हवेत तो उपाय लंगडा पडतो. एप्रिल-मेसाठी चिलरचा, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राचा विचार करून ठेवा.

---

नवा_डुबकी

एवढे चार दिवे लावणारच आहात तर सरळ ॲक्रोपोरा, भरपूर उजेड लागणारं दगडी कोरल, ठेवा ना! मालवणला स्नॉर्केलिंग करताना दगडी कोरल दिसतं, एखादा तुकडा आणून लावता येईल का?

---

मर्यादवेल

नाही, आणि कृपया कोणीही तसं करू नका. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि समुद्रपंखे हे सगळे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच त्यांना. मेलेला तुकडाही उचलायचा नाही. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झालं ते याच जिवांसाठी. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास मी पाण्यात उतरले आहे. तिथलं पाणी गढूळ, उजेड थोडा, तरी त्या कोरलांनी खडकाला घट्ट धरून ठेवलंय. बोटींचे नांगर, ओरबाडणारे हात, तापणारं पाणी, हे सगळं सोसून ती आहेत. ती बघूनच मला टाकी करावीशी वाटली, आणि म्हणूनच टाकीत फक्त मऊ कोरलं, तीही टाकीतच वाढलेली. मला ॲक्रोपोराएवढा उजेड करायचाच नाही.

---

खाडीकाठचा

ताईंनी सांगितलं ते सगळ्यांनी वाचा.

आता एक माझं मत. चार दिवे लागल्यावरही टाकी सगळीकडे सारखी उजळावी हा हट्ट धरू नका. ३ फूट खोलीत वर-खाली फरक राहणारच, आणि तो कामाचा आहे. सध्या तुमचा खडक मध्यावर शंकूसारखा रचलेला दिसतो. तो मोडून एक बेट मध्यापासून थोडं मागे आणि एक ठेंगणं बेट पुढे करा, काचेपासून चार इंच जागा सोडून, म्हणजे पुसायला हात जाईल. माथ्यावर लेदर, उतारावर झोआ, कपारीच्या सावलीत आणि वाळूजवळ मशरूम. ग्रीन स्टारला वेगळ्या दगडावर ठेवा, नाहीतर वर्षभरात तो सगळं व्यापेल.

---

मर्यादवेल

सहा आठवड्यांनंतर लिहिते आहे, उशीर झाला.

मीटर आला तेव्हा आधी जुन्या दिव्याखाली, पूर्वीच्याच सेटिंगला, मोजलं. माथ्याच्या खडकावर ३७०, मध्यावर वाळूवर ९०, कोपऱ्यात वाळूवर फक्त १५. मशरूम ३७० मध्ये बसवले होते मी. आकडा बघून डोळ्यांत पाणी आलं.

चौकट इथल्याच एका फॅब्रिकेटरकडून करून घेतली. चार दिवे, प्रत्येकी ५० वॅट, काचांपासून ९ इंच, पाण्यापासून १२ इंच. ४० टक्क्यांवर सुरू केले, दर आठवड्याला ५ टक्के वाढवत आज ६५ वर आहेत. निळा मुख्य, पांढरा १५. आजचे आकडे: माथा १६०, उतार ११० ते १२०, मध्यावर वाळू ७०, चारही कोपरे ४५ ते ५५. नायट्रेट ६ वर आलं, फॉस्फेट ०.०५. कौलाला कपडा लावला. दर रविवारी दिव्यांची भिंगं आरओच्या पाण्यात भिजवलेल्या मऊ फडक्याने पुसते. मिठाचा पांढुरका थर आठवड्यात बसतो आणि त्यानेही आकडा उतरतो, हे पुसण्याआधी आणि नंतर मोजून पाहिलं.

लेदर तिसऱ्या आठवड्यात कात टाकून उघडलं, आता रोज उघडतं. कोपऱ्यातल्या झोआंचे जुने देठ लांबच राहिलेत, पण नवी डोकी आखूड, दगडाला चिकटून येताहेत आणि सरळ वर बघताहेत. मशरूम कपारीत हलवले, दोघांचा रंग परतला. एक गेला.

६५ वरच थांबू की ७० करू? झोआ खूश दिसतात, पण लेदरच्या कडेला परवापासून किंचित फिकट रेघ वाटते.

---

निळी_वाट

थांबा. रेघ दिसतेय म्हणजे ६० वर या आणि महिनाभर हात लावू नका. १६० लेदरला भरपूर आहे.

---

मर्यादवेल

आत्ताच ६० केलं. मीटर सोमवारच्या एसटीने पार्सल करते, सोबत थोडी आमसुलं आहेत.