पाण्यात बुडवून बघू नका हो

सर्व्हिसिंगहून आलेल्या घड्याळाचं सील नीट बसलंय का बघायला ते पाण्याच्या ग्लासात टाकावं का असं एकाने विचारलंय, तर अजिबात नको, सील गेलं असेल तर ते कळेल खरं पण तोवर मशीनपण गेलेलं असेल. सर्व्हिसवाल्याला सरळ विचारा, प्रेशर टेस्ट (दाब देऊन सील तपासणं) केली का आणि किती बारला (बार म्हणजे दाबाचं माप). त्यातल्या ड्राय टेस्टला पाणी लागतच नाही, चेंबरमध्ये हवेचा दाब देतात, केस किंचित दबते आणि ती दबलेली केस हळूहळू परत फुगायला लागली की समजायचं हवा आत शिरतेय.

दुसरं, गॅस्केट (सीलची रबरी रिंग) नवीन टाकलं की जुन्यालाच ग्रीस लावून बसवलं हेही विचारा. माझ्या घड्याळात मागच्या झाकणाचं बदललं आणि चावीचं तसंच ठेवलं, पहिल्याच पावसात काचेला आतून वाफ!

आत ओल आहे का एवढंच बघायचं तर घड्याळ ४०-४५ डिग्रीला गरम करून काचेवर गार पाण्याचा थेंब ठेवतात, मिनिटभराने पुसायचा, आतून धुकं दिसलं की घड्याळ परत दुकानात. पण त्याने सील किती दाब सोसेल ते कळत नाही, त्याला प्रेशर टेस्टचं मशीनच पाहिजे.