मदत हवी आहे : बेदखल झालेल्या आयरिश कुळाच्या मताचे काय होई?

१८२९ मध्ये आयर्लंडच्या ग्रामीण मतदारसंघांत मताधिकारासाठी लागणाऱ्या जमिनीच्या वार्षिक मूल्याची अट ४० शिलिंगांवरून १० पौंडांवर नेली गेली आणि आदल्याच वर्षी क्लेअर परगण्यात कॅथलिक नेते डॅनियल ओ’कॉनेल यांना निवडून देणारी असंख्य गरीब कुळे मतदार यादीबाहेर पडली. उरलेल्यांना, १८७२ पर्यंत गुप्त मतदान नसल्यामुळे, जमीनदाराच्या कारभाऱ्यादेखत उमेदवाराचे नाव उच्चारावे लागे, ही सक्ती फार क्रूर वाटते. आयर्लंडमधील जमीनदार-कुळ संबंधांची चौकशी करणाऱ्या डेव्हन आयोगापुढील (१८४३–४५) साक्षी वाचल्या. परंतु खंड थकल्याच्या सबबीआड मताचा सूड होता का, हे त्यांवरून मला ठरवता येत नाही. डब्लिनला जाणे शक्य नाही. फक्त इंग्रजी, ऑनलाइन कागदपत्रे चालतील. १८३२ नंतर नोंदणीचा दाखला आठ वर्षे चाले. मग मधल्या काळात बेदखल झालेल्या कुळाचे मत ग्राह्य धरत का, आणि त्यावरील तक्रारींचे निर्णय कुठे पाहावेत?