डोळ्यांनी लॅपटॉप चालवायचा आहे, बजेट १५ हजार

कपाशी_आर्वी: बाबांना मोटर न्यूरॉनचा आजार आहे. हात गेले, त्यांचं बोलणंही आम्हाला समजत नाही. नजर मात्र तेज आहे. घरी विंडोज १० चा लॅपटॉप आहे. नुसतं पाहून बटन दाबता येईल असं काही सुचवा. १५ हजारांच्या वर जमणार नाही. आमच्याकडं लाइनचाही भरवसा नाही.

संत्रा_नंबर_१: भाऊ, टोबी कंपनीचा आय ट्रॅकर ५ घ्या. आमच्या भाच्यानं अमेरिकेतून आणला. स्क्रीनच्या खाली चिकटवायचा, इन्फ्रारेड उजेड डोळ्यावर टाकते अन् बाहुली कुठं वळली ते हुडकते. थोडे जास्त लागतील.

कपाशी_आर्वी: थोडे म्हणजे?

संत्रा_नंबर_१: भाच्याले किंमत काहून विचारू?

वऱ्हाडी_झटका: मामासाठी आमी असाच ट्रॅकर घेतला होता. दुपारी दार उघडं राह्यलं का उन्हानं पार भरकटते. चष्म्याची चमक नडते ते येगळंच. विकणारा फोन उचलत नाई.

पुलगाववाला: आयफोन १२ अन् पुढच्यात आयओएस १८ टाकलं की समोरच्या कॅमेऱ्यावरच फोन नजरेनं चालतं. फोन स्टँडवर पाहिजे, हलला की गेलं.

शेतकरी_पोट्टा: १५ हजार म्हणून रायले ते, आयफोन काय सांगता? अँड्रॉइडवर गूगलचं लुक टू स्पीक फुकट आहे. डावी-उजवीकडं पाहून वाक्य निवडायचं, फोन बोलते.

पुलगाववाला: जुना आयफोनही तुमच्या नव्या अँड्रॉइडपेक्षा टिकतो.

सेवाग्राम_ताई: भांडणं नंतर करा. चांगल्या ट्रॅकरचीही नजर अर्धा-एक अंश चुकते, म्हणजे दोन फुटांवरून अर्धा-एक सेंटीमीटर. खिडकी बंद करायच्या बारक्या फुलीवर ती टेकतच नाही, बटनं मोठीच हवीत. ऑप्टिकी हे नजरेनं बटनं दाबायचं फुकट सॉफ्टवेअर बघा. किती वेळ नजर रोखली की बटन दाबलं जाईल, तो वेळ सुरुवातीला दीड सेकंद ठेवा, नाहीतर बाबा नुसतं वाचायला जातील अन् ते दाबत सुटेल. आणि आजच ॲक्रेलिकची पारदर्शक शीट आणा. कोपऱ्यांत ‘पाणी’, ‘कूस बदल’, ‘खाज’, ‘लघवी’ लिहून दोघांच्या मधे धरा. ते कुठं पाहतात हे तुम्हाला पलीकडून दिसतं. लाइन गेली तरी चालतं.

वऱ्हाडी_झटका: उन्हाचं सांगतलं ना मी? दार लावा.

कपाशी_आर्वी: ताई, शीट केली. तिच्यावर बाबांनाच विचारलं. त्यांना फोननं बोलायला नको, स्वतः कापसाचे भाव अन् मॅच पाहायची आहे. नागपुरात वापरलेला ट्रॅकर मिळतोय, बजेटच्या वर जातो. तरी घेतोय. इन्व्हर्टरची बॅटरी पुढच्या हंगामात.

संत्रा_नंबर_१: मी पहिलेच सांगतलं होतं.