पॅरिसची सहल आणि ते दोन सर

कुणीतरी लिहिलंय की ‘हार्टस्टॉपर’ या ब्रिटिश मालिकेच्या दुसऱ्या सीझनमधले (२०२३) पॅरिसच्या शाळेच्या सहलीचे भाग नुसते गोडगोड आहेत, गोष्ट पुढे सरकतच नाही. मला नाही पटलं. शहर परकं असलं तरी निक आणि चार्ली या प्रेमात पडलेल्या दोन मुलांभोवती शाळेतली तीच पोरं आहेत. चार्लीच्या मानेवरची चुंबनाची खूण दिसताच कुजबुज सुरू होते, आणि नातं लपवणं किती दमवणारं आहे ते तिथे कळतं. चार्ली नीट जेवत नाही हेही निकच्या याच सहलीत ध्यानात येतं. पुढे लूव्र संग्रहालयात चार्ली चक्कर येऊन पडतो. यात गोडगोड काय आहे?

पण मला सगळ्यात जास्त भिडले ते सोबत आलेले दोन शिक्षक, अजायी सर आणि फारुक सर. आपण गे आहोत हे फारुक सरांना विशीच्या शेवटी उमगलं, त्यामुळे शाळकरी वयातलं कोवळं प्रेम हुकल्याची त्यांना खंत आहे. ब्रिटनमध्ये १९८८ साली ‘सेक्शन २८’ हे समलैंगिकतेच्या ‘प्रसारा’वर बंदी घालणारं कायद्याचं कलम आलं, इंग्लंडमध्ये ते २००३पर्यंत होतं. त्यामुळे शाळेत समलैंगिकतेबद्दल बोलायलाच शिक्षक कचरायचे. सरांच्या वयाचा अंदाज घेतला तर त्यांचं शिक्षण त्याच काळातलं.

आपल्याकडे समलैंगिक संबंध गुन्हा नाहीत असं सांगणारा कलम ३७७चा निकाल ६ सप्टेंबर २०१८चा. तोवर माझी चाळिशी उलटली होती. दहावीच्या सहलीत बसमध्ये शेजारी बसलेला मित्र माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता. मी रात्रभर हललो नाही. फारुक सरांचा तो प्रसंग मी तीनदा पाहिलाय.